कार्यालयाचं बुकिंग चार महिने आधी रद्द केलं, तरी सगळी आगाऊ रक्कम ठेवून घेतायत. परत कशी मागायची?

प्रश्न: नाशिक_वधूपक्ष

नमस्कार मंडळी. बहिणीच्या लग्नासाठी नाशिकमध्ये एक कार्यालय ठरवलं होतं, डिसेंबरातला शनिवार-रविवार. हिशेब असा: हॉल आणि खोल्यांचं भाडं 2,50,000. जेवण 400 पानं, 700 रुपये पान, म्हणजे 2,80,000 (केटरर त्यांचाच, बाहेरचा चालत नाही). वीज, जनरेटर, सफाई मिळून 20,000. एकूण 5,50,000 आणि वर 18 टक्के जीएसटी.

बुकिंगला 2,00,000 अधिक त्यावरचा जीएसटी 36,000, असे 2,36,000 एनईएफटीने भरले. मुलाकडच्या अडचणीमुळे लग्न पुढच्या वर्षावर गेलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फोन केला आणि त्याच दिवशी व्हॉट्सअपवर लेखी कळवलं.

आता व्यवस्थापक पावतीची मागची बाजू दाखवतात: "बुकिंग रद्द केल्यास एकूण रकमेच्या 50 टक्के रक्कम कापली जाईल." म्हणजे 2,75,000. आम्ही भरलेत 2,36,000, तेव्हा परत काहीच नाही, उलट 39,000 तुमच्याकडूनच येणं आहे असं म्हणतात. दुसरा पर्याय दिलाय तो असा की वर्षभरात दुसरी तारीख घ्या, पण त्या वेळच्या दराने आणि तारीख रिकामी असेल तर.

ही पावती पैसे भरल्यानंतर हातात आली. त्याआधी सही केलेला करार नाही, फक्त कोटेशनचा व्हॉट्सअप मेसेज आहे आणि त्यात रद्द करण्याबद्दल एक ओळही नाही. काहीच कापू नका असं आमचं म्हणणं नाही. पण एवढं? सुरुवात कुठून करायची?

---

उत्तर 1: करार_आणि_कायदा

आधी एक काम: 39,000 ची मागणी लेखी अमान्य करा, आजच. दोन ओळी पुरतात. गप्प राहिलात तर पुढे "त्यांनी तेव्हा हरकत घेतली नव्हती" असं म्हणायला वाव राहतो.

आता मुद्दा. करारात दंडाचा आकडा छापला म्हणून तो आपोआप वसूल होत नाही. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 74 सांगतं की करारभंगासाठी रक्कम ठरवलेली असली तरी समोरच्याला "वाजवी भरपाई" मिळते आणि ठरवलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. 50 टक्के ही वरची हद्द आहे. तिच्या आत नुकसान किती झालं हे बघायचं. सर्वोच्च न्यायालयाने हे 1963 मध्ये फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास या निकालात सांगितलं आणि 2015 च्या कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात आणखी स्पष्ट केलं: आधी भरलेली रक्कम जप्त करायची असली तरी कलम 74 लागतं, आणि काहीच नुकसान झालं नसेल तर जप्तीही नाही.

कार्यालयाचा वकील याच निकालातलं दुसरं वाक्य पुढे करेल, ते आत्ताच माहीत असू द्या. नुकसान सिद्ध करणं अवघड असेल तिथे, करारातला आकडा हा नुकसानीचा प्रामाणिक पूर्वअंदाज असेल तर तो मान्य होऊ शकतो. मग तुमचं उत्तर काय? हेच की हा अंदाजच नाही. चार महिने आधी रद्द केलं तरी 50 टक्के आणि चार दिवस आधी केलं तरी 50 टक्के. नुकसानीचा अंदाज बांधणारा माणूस दिवसांप्रमाणे पायऱ्या करतो. शिवाय यात 2,80,000 चं जेवण धरलंय, ज्यासाठी ऑगस्टमध्ये एक किलो तांदूळही खरेदी झालेला नाही. नोटिशीत हे दोन मुद्दे पहिल्या पानावर घ्या.

पावतीच्या मागच्या अटीबद्दल: पैसे स्वीकारले तेव्हाच करार झाला. त्यानंतर हातात दिलेल्या कागदावरची अट त्याच करारात मागाहून घुसवता येत नाही. मात्र बुकिंग कार्यालयात हीच अट बोर्डावर लावलेली असेल, किंवा कोटेशनमध्ये "अटी लागू" असं काही असेल, तर हा मुद्दा सैल पडतो. तो मेसेज शेवटपर्यंत पुन्हा वाचा.

पावतीवर शब्द कोणता आहे तेही बघा. "इसार" म्हणजे करार पाळण्याची हमी. "अ‍ॅडव्हान्स" म्हणजे किमतीचा आधी भरलेला भाग. सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल (2013) या जमिनीच्या व्यवहाराच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक केला आहे: जप्त होतो तो हमी म्हणून दिलेला इसार, किमतीचा हप्ता नव्हे. तुमच्या पावतीवर "अ‍ॅडव्हान्स" असेल तर हा मुद्दा तुमच्याच बाजूचा.

---

उत्तर 2: लॉन_व्यवस्थापन

कार्यालयाचा धंदा आतून कसा चालतो ते सांगतो, म्हणजे मागणी किती करायची याचा अंदाज येईल.

चार महिने आधी रद्द झाल्यावर कार्यालयाचा खर्च जवळपास शून्य असतो. किराणा शेवटच्या आठवड्यात येतो, भाजी आदल्या दिवशी. वाढपी आणि आचारी रोजावर असतात. फुलं, मांडव, रोषणाई यांचं अंतिम सांगणं पंधरा दिवस आधी होतं. खरं नुकसान एकच, तारखांच्या वहीत तो दिवस तुमच्या नावाने भरलेला असताना जे दुसरे लोक विचारून परत गेले, ते. म्हणून सगळा प्रश्न एवढाच उरतो की ती तारीख पुन्हा जाईल का.

मुहूर्ताचा शनिवार-रविवार असेल तर ऑगस्टमध्ये सुटलेली तारीख बहुतेक जाते. चातुर्मास संपून तुळशीचं लग्न लागलं की डिसेंबरच्या तारखांना मागणी असतेच, आणि लोक दिवाळीच्या आधीपासून चौकशा करतात. पंचांगात मुहूर्त नसेल तर मात्र कार्यालयाचं म्हणणं थोडं खरं धरावं लागेल. तेव्हा आधी पंचांग उघडा.

माझ्या मते वाजवी पायऱ्या अशा: 90 दिवसांच्या आधी रद्द केल्यास हॉलभाड्याच्या 10 टक्के, 60 ते 90 दिवसांत 25 टक्के, 30 ते 60 दिवसांत 50 टक्के, त्याच्या आत पूर्ण भाडं. जेवणाचे पैसे फक्त शेवटच्या आठवड्यात, तेही खरेदीची बिलं दाखवली तरच. तुमच्या बाबतीत 2,50,000 चे 10 टक्के म्हणजे 25,000. हा आकडा तुम्हीच आधी मांडा. "सगळे परत द्या" म्हणणाऱ्याला मालक दारातून परत पाठवतो. "25,000 ठेवा" म्हणणाऱ्याशी तो हिशेब करायला बसतो.

व्यवस्थापकाशी वाद घालण्यात वेळ घालवू नका, त्याच्या हातात सूट देणं नसतं. मालकाला किंवा विश्वस्तांना भेटा आणि सशर्त प्रस्ताव लेखी द्या: "तारीख त्याच किंवा जास्त भाड्याने गेली तर 25,000 वजा करून बाकी परत. कमी भाड्याने गेली तर फरकही कापा. गेलीच नाही तर पुन्हा बसून ठरवू." हे नाकारायला मालकाकडे चांगलं कारण नसतं.

आणि ओळखीत त्याच तारखेला कार्यालय शोधणारं घर असेल तर त्यांना तिथे पाठवा, पाठवल्याचं लेखी कळवा. गिऱ्हाईक आणून देऊनही पैसे अडवले, तर पुढे कुठेही कार्यालयाची बाजू लंगडी पडते.

तारीख पुढे ढकलण्याचा पर्याय मी वाईट म्हणणार नाही, लग्न पुढच्या वर्षी होणारच असेल तर. पण आत्ताच्या अटीवर नको. चार गोष्टी लेखी घ्या: भाडं आणि पानाचा दर आजचाच, किंवा वाढ जास्तीत जास्त 5 टक्के, तुम्ही दिलेल्या तीन तारखांपैकी एक, मुदत वर्षाऐवजी दीड वर्ष, आणि त्या मुदतीत तारीख देता आली नाही तर पूर्ण परतावा. आणि "सर्व हिशेब पूर्ण, कोणतीही तक्रार नाही" असं छापलेल्या कागदावर पैसे हातात पडण्याआधी सही करू नका.

---

उत्तर 3: जीएसटी_सल्ला

वरच्या 25,000 वर जीएसटीचा हिशेब जोडतो, कारण हा भाग लोक सोडून देतात आणि तुमच्या प्रकरणात तो 36,000 चा आहे.

"टॅक्स सरकारला भरला, आता आम्ही काय करणार" हे उत्तर चालत नाही. सेवेसाठी आगाऊ रक्कम घेतली की पुरवठादाराने रिसीट व्हाउचर (आगाऊ रक्कम मिळाल्याची जीएसटी पावती) द्यायचं असतं. पुढे सेवा दिलीच नाही आणि टॅक्स इनव्हॉइस (कराचं बिल) काढलेलं नसेल, तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 31(3)(ङ) प्रमाणे तो रिफंड व्हाउचर (रक्कम परत केल्याचा कागद) देतो आणि भरलेला कर आपल्या विवरणपत्रात समायोजित करतो. इनव्हॉइस काढून झालं असेल तर कलम 34 खाली क्रेडिट नोट, म्हणजे ते बिल कमी करणारा कागद. त्यांच्या सीएला दहा मिनिटांचं काम आहे.

ठेवून घेतलेल्या रद्द शुल्कावर मात्र कर लागतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाप्रमाणे (क्रमांक 178/10/2022) रद्द शुल्काला मूळ सेवेचाच दर, म्हणजे इथे 18 टक्के. म्हणून मागणी अशी बसते:

ठेवायची रक्कम 25,000, त्यावर जीएसटी 4,500, एकूण 29,500.
भरलेले 2,36,000 वजा 29,500 = 2,06,500 परत.

पत्रात हाच आकडा लिहा. "दोन लाखांच्या आसपास" असं लिहू नका.

आणखी एक. पावतीवर 15 अंकी जीएसटी क्रमांक आहे का? असेल तर जीएसटी पोर्टलवर "सर्च टॅक्सपेयर"मध्ये तो टाकून नोंदणी चालू आहे का बघा. क्रमांकच नसेल किंवा नोंदणी रद्द दिसत असेल, तर 36,000 कर म्हणून घेतले कशाच्या आधारावर, हा प्रश्न पत्रात विचारा. कर म्हणून गोळा केलेली रक्कम सरकारकडे भरावीच लागते (कलम 76), आणि हा प्रश्न लेखी आल्यावर बरीच कार्यालयं बोलायला तयार होतात.

---

नाशिक_वधूपक्ष

खूप आभार. पावतीवर "अ‍ॅडव्हान्स" लिहिलंय, जीएसटी क्रमांक आहे आणि नोंदणी चालू दिसते. पंचांगात त्या रविवारी मुहूर्त आहे. कोटेशनमध्ये "अटी लागू" वगैरे काही नाही.

दोन प्रश्न. पावती बाबांच्या नावावर आहे, पैसे माझ्या खात्यातून गेलेत. तक्रार कोणी करायची? आणि एक नातेवाईक म्हणतात, थेट पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्या, म्हणजे लगेच पैसे काढतील.

---

उत्तर 4: ग्राहक_तक्रार_मार्गदर्शन

पोलिसांत जाऊ नका. फसवणुकीचा गुन्हा (आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318) बसायला पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू असावा लागतो. इथे कार्यालय खरं आहे, तारीख खरी होती, वाद परताव्याचा आहे. पोलीस "दिवाणी बाब आहे" म्हणून परत पाठवतील आणि त्यात महिना जाईल.

तक्रारदार बाबाच, पावती त्यांच्या नावाची आहे म्हणून. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ज्याच्यासाठी सेवा घेतली तो लाभार्थीही ग्राहक असतो, म्हणून बहिणीला तक्रारदार क्रमांक 2 करता येतं. तुमच्या खात्याचा उतारा जोडा, सोबत "ही रक्कम वडिलांच्या वतीने भरली" असं तुमचं छोटं शपथपत्र.

आता क्रम.

पहिली पायरी, लेखी मागणी. वकिलाची नोटीस लागतेच असं नाही, बाबांच्या सहीचं पत्र चालतं. स्पीड पोस्टने, पोचपावतीसह, आणि तेच ईमेल व व्हॉट्सअपवर. मजकूर साधारण असा:

"आम्ही दि. ___ रोजी आपल्या कार्यालयाचे दि. ___ व ___ चे बुकिंग करून पावती क्र. ___ अन्वये रु. 2,36,000 भरले. दि. ___ रोजी, म्हणजे कार्यक्रमाच्या ___ दिवस आधी, बुकिंग रद्द केल्याचे लेखी कळवले. एकूण रकमेच्या 50 टक्के कपातीची अट रक्कम स्वीकारण्यापूर्वी आम्हाला सांगण्यात आलेली नव्हती व ती आपल्या प्रत्यक्ष नुकसानीशी विसंगत आहे. सदर तारखांचे पुन्हा बुकिंग झाले आहे काय, झाले असल्यास किती भाड्याने, तसेच आमच्या बुकिंगपोटी आपण केलेला खर्च बिलांसह कळवावा. रु. 25,000 व त्यावरील जीएसटी वजा जाता रु. 2,06,500 हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत खालील खात्यात जमा करावेत व रिफंड व्हाउचर द्यावे. रु. 39,000 ची मागणी आम्हास अमान्य आहे."

तारखांच्या पुनर्बुकिंगचा प्रश्न यात मुद्दाम आहे. उत्तर दिलं तर आकडे मिळतात. नाही दिलं तर पुढे ग्राहक आयोगापुढे "विचारूनही माहिती लपवली" असं म्हणता येतं, आणि माहिती जाणूनबुजून दडवणं हे ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(11) खाली सेवेतली त्रुटी ठरतं.

दुसरी पायरी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. फुकट आहे, तक्रार क्रमांक मिळतो, ते कार्यालयाशी संपर्क करतात. आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही, म्हणून तिथे अडकून बसू नका. पत्राची 15 दिवसांची मुदत चालू असतानाच ही नोंद करा.

तिसरी, जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. इथे बऱ्याच तक्रारी एका शब्दावरून घसरतात, म्हणून सविस्तर लिहितो. नव्या कायद्यात कलम 2(46) मध्ये "अनुचित करार" ही व्याख्या आहे, आणि नुकसानीच्या मानाने फारच मोठा दंड लावणारी अट तिच्यात नेमकी बसते. वाचून वाटतं की हेच आपलं कलम. पण अनुचित कराराच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही. कलम 47 प्रमाणे त्या राज्य आयोगापुढे जातात. जिल्हा आयोगात "हा करार अनुचित म्हणून रद्द करा" अशी मागणी लिहिली, की सामनेवाल्याचा (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा, इथे कार्यालयाचा) पहिला आक्षेप अधिकारक्षेत्राचा असतो.

म्हणून जिल्ह्यात तक्रार "अनुचित व्यापारी प्रथा" आणि "सेवेतील त्रुटी" यांवर उभी करा: अट आधी न सांगता पैसे घेतले, नुकसान न दाखवता रक्कम अडवली, रिफंड व्हाउचर दिलं नाही, पुनर्बुकिंगची माहिती दडवली. एकतर्फी अटी लादणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पायोनियर अर्बन विरुद्ध गोविंदन राघवन या फ्लॅटच्या प्रकरणात म्हटलं आहे. मागणी करार रद्द करण्याची नको, जादा कापलेल्या रकमेच्या परताव्याची करा: 2,06,500, रद्द केल्याच्या तारखेपासून 9 टक्के व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. त्रासाचा आकडा फुगवू नका. दोन लाखांच्या परताव्यासाठी दहा लाखांचा त्रास लिहिला की मूळ मागणीचंही वजन जातं.

कमजोर जागाही सांगून ठेवतो. बुकिंग तुम्ही रद्द केलंत, कार्यालयाने सेवा नाकारलेली नाही. "मग त्रुटी कुठे?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर वरच्या चार मुद्द्यांत आहे, म्हणून त्या प्रत्येकाला एक तरी कागद हवा.

दाखल कुठे: बाबा राहतात त्या जिल्ह्यातही चालतं, कार्यालय असलेल्या जिल्ह्यातच जावं लागतं असं नाही. सेवेपोटी भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. जिल्हा आयोगाची हद्द 50 लाखांपर्यंत. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर खातं काढून तक्रार भरता येते: सूची, घटनाक्रम, तक्रार, शपथपत्र आणि क्रमांक घातलेली कागदपत्रं, सगळं वाचता येईल अशा पीडीएफमध्ये. पावतीच्या दोन्ही बाजू स्कॅन करा. वादाची अट मागच्या बाजूला आहे आणि लोक पुढचीच बाजू जोडतात. छापील संचही तयार ठेवा.

तक्रार दाखल करून घ्यायची का हे आयोग साधारण 21 दिवसांत ठरवतो. मग सामनेवाल्याला लेखी म्हणण्यासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ जातो हे धरून चला. मध्यस्थीची सोय आहे आणि असल्या हिशेबाच्या वादात ती घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

---

उत्तर 5: पुरावा_जपा

वरच्या सगळ्यात तारीख पुन्हा गेल्याचा पुरावा सर्वात मोलाचा, आणि तो मिळवायची वेळ मर्यादित आहे.

आत्ताच ओळखीच्या कुणाला तरी, शक्यतो नातेवाईक नसलेल्या, त्या तारखेची चौकशी व्हॉट्सअपवर करायला सांगा: "डिसेंबरातल्या अमुक शनिवार-रविवारी कार्यालय मिळेल का, भाडं किती?" उत्तर "बुक आहे" आलं तर तुमचं काम झालं. "रिकामं आहे, 2,80,000" आलं तर तेही उपयोगी, कारण तारीख चढ्या भाड्याने विकायला ठेवल्याचं दिसतं. मात्र खोटं नाव, खोटं लग्न असं काही रचू नका. साधी चौकशी पुरे. डिसेंबरात त्या दिवशी दाराशी लागलेल्या वधूवरांच्या नावांच्या फलकाचा तारखेसह फोटो घ्या, रस्त्यावरून. कार्यालयाच्या सोशल मीडिया पानावर त्या लग्नाचे फोटो पडले तर स्क्रीनशॉटमध्ये वेबपत्ता दिसू द्या.

व्हॉट्सअपचा संवाद "एक्सपोर्ट" करून ठेवा, पण फोन विकू नका आणि चॅट पुसू नका. मूळ उपकरण मागितलं जाऊ शकतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडायचं असतं. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम 65 ब च्या प्रमाणपत्राचा नमुना नेटवर अजून फिरतो, तो वापरू नका. नव्यात दोन भाग आहेत आणि हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक क्रमांक) लिहावी लागते. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम दिवाणी न्यायालयाइतके कडक लावत नाहीत, तरी जोडलेलं बरं.

---

नाशिक_वधूपक्ष

पत्र तयार केलं, उद्या पोस्टात जाईल. एक राहिलं: कार्यालय एका धर्मादाय न्यासाचं आहे. ट्रस्ट असेल तर ग्राहक आयोग चालतो का?

---

उत्तर 6: ग्राहक_तक्रार_मार्गदर्शन

चालतो. भाडं घेऊन हॉल आणि जेवण दिलं की ती मोबदल्याची सेवा झाली, मालक न्यास असला तरी. फक्त सामनेवाल्याचं नाव नीट लिहा: कार्यालयाचं नुसतं नाव नको, "अमुक न्यास, नोंदणी क्रमांक अमुक, तर्फे विश्वस्त" असं, आणि व्यवस्थापकाला सामनेवाला क्रमांक 2 करा. नोंदणी क्रमांक पावतीच्या डोक्यावर बारीक अक्षरात असतो. नसेल तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात मिळतो. ते कार्यालय तुमचा परतावा मिळवून देणार नाही, पण न्यासाच्या हिशेबावर त्यांची देखरेख असते, म्हणून पत्राची एक प्रत माहितीसाठी त्यांना जरूर लावा आणि तसं पत्राच्या तळाशी लिहा. उद्याच पोस्टात टाकताय तर ही ओळ आजच वाढवा.